पुतळ्याची राखण

कायद्याने किमान वेतन वाढताच कोमानी गावच्या रस्तादुरुस्तीवर लाल निशाण हलविणाऱ्या नोबंटूच्या जागी मुकादमाने यांत्रिक पुतळा उभा केला. “बघ मावशी, ह्याला ना मजुरी, ना मुतायची सुट्टी!” मजूर खदखदून हसले. नोबंटूने अंगातले नारिंगी जाकीट उतरवून पुतळ्यास चढविले. नातवंडांच्या मक्याच्या पिठाची विवंचना तिला ग्रासू लागली. “ह्याची बॅटरी चोरीला गेली तर, बाबा?” तिने मुकादमाला विचारले. मुकादम चपापला. “मग राखणीला तूच बस. निम्मी मजुरी.” “अन् कायदा?” “कायदा निशाणवाल्यांना. नुसतं बसणाऱ्याला कसला कायदा?” ती बसली. मध्यान्ही बॅटरी संपली. पुतळ्याचा हात थबकला आणि समोरासमोर आलेल्या मालमोटारी करकचून थांबल्या. नोबंटूने धावून निशाण काढून घेताच मुकादम किंचाळला, “त्याच्या हातात दे! त्याचाच हात हलव!” पुतळ्यामागे उभी राहून ती सूर्यास्तापर्यंत त्याचे मनगट हलवीत राहिली.