थट्टेचं नातं

“अरे बघा, कोळसा आपल्या पायांनी चालत आला!”

म्हातारा हम्बार्के सिदिबे झोपडीच्या सावलीतूनच ओरडला. चहाभोवती बसलेले सगळे गुराखी हसले. लोहारांच्या सितान बालोने मोपेड बाभळीला टेकवली. एरवी तिने तिथूनच व्याजासकट परतफेड केली असती. आज ती कोणाकडे न बघता थेट झोपडीत शिरली. ती आसपासच्या वस्त्यांची आरोग्यसेविका; पोर तापलीय असा निरोप तिला सकाळीच मिळाला होता.

आत चटईवर पेंदा पडली होती. म्हाताऱ्याची नात, अजून धड बोलताही न येणारी. अंग तव्यासारखं तापलेलं, मुठी आवळलेल्या, बुबुळं वर गेलेली. मधूनच ती ताठ व्हायची आणि झटके यायचे. सितानने मूठ सोडवून तळहात पाहिला. पांढराफटक. पोरीचा बाप गुरं घेऊन लांबच्या कुरणात गेलेला. आई ताको ओल्या फडक्याने कपाळ पुसत होती. सासऱ्यापुढे तोंड उघडायची रीत नव्हती, म्हणून ती नुसती सितानकडे बघत राहिली.

सितान बाहेर आली. “म्हाताऱ्या, हिवताप डोक्यात चढलाय पोरीच्या. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला हवं.”

“ऐका! आमच्या दुधावर पोसलेली लोहाराची पोर आता आम्हाला हुकूम सोडते!”

“मी थट्टा करत नाहीये.”

“लोहार थट्टा करत नाही? मग तो मेलेला असणार!” म्हाताऱ्याने मांडीवर थाप मारली. पुन्हा हशा पिकला.

आता यात म्हाताऱ्याचा तरी काय दोष? फुलानी गुराखी आणि लोहार यांचं नातंच तसं. वाडवडिलांनी आण घालून ठेवलेली: एकमेकांचं रक्त सांडायचं नाही, आणि भेटलात की एकमेकांची यथेच्छ टिंगल करायची. कितीही झोंबलं तरी राग धरायचा नाही; थट्टा थांबली, की नातं तुटलं समजायचं. थट्टा चालायची बाजारात, लग्नात, अगदी मयताच्या दारातसुद्धा. राजधानी बामाकोहून सेविकांना शिकवायला आलेल्या बाईंना हे फार आवडलं होतं. “हसत हसत सांगा, लोक ऐकतात,” असं त्या म्हणाल्या होत्या. सितान मुळातच वात्रट, तिला तेवढंच हवं होतं. मच्छरदाण्या घेऊन ती या वस्तीवर यायची आणि म्हणायची, “गाईच्या शेपटीखाली झोपणाऱ्यांनो, तुमच्या वासानेच डास मेले असते, पण देवाने त्यांना नाक दिलं नाही!” लोक पोट धरधरून हसायचे. मच्छरदाण्याही घ्यायचे. हम्बार्केने आपली मच्छरदाणी लाडक्या वासरावर टांगली होती. ते बघून सितानसुद्धा खदखदून हसली होती. लोकांनी तिचं सगळं ऐकलं आणि सगळंच हसण्यावारी नेलं.

“पाखरू लागलंय तिला,” म्हातारा आता जरा सबुरीने बोलला. “रानातल्या पाखराची सावली पडली पोरीवर. धुरी दिलीय, गळ्यात मुळी बांधलीय. अशा पोराला सुई टोचली की पाखरू जीव घेऊनच उडतं. माझ्या बहिणीचा मुलगा असाच गेला. दवाखान्यात नेला तो जिवंत, आणला तो कापडात गुंडाळून.”

“उशिरा नेला म्हणून गेला तो.”

म्हाताऱ्याच्या तोंडावर क्षणभर काहीतरी हललं. पण लोक बघत होते, आणि समोर लोहाराची पोर होती. “घ्या! भाता फुंकणारे आता माणसांत जीव फुंकायला लागले!”

आतून ताकोचा दबलेला हुंदका आला. सितानने परत सांगितलं. मग ओरडून सांगितलं. ती जितकी चिडली, तितके ते जास्त हसले. चिडल्याचं असं सोंग तिने या अंगणात कितीदा वठवलं होतं! तिला स्वतःचाच संताप आला. आपणच कमावलेलं हसू आता पोरीच्या जिवावर उठलं होतं.

तिने चपला काढल्या. डोक्यावरचं फडकं सारखं केलं. मग ती हम्बार्केसमोर आली, धुळीत गुडघे टेकले आणि मान खाली घातली.

“बाबा,” ती हळू आवाजात म्हणाली, “आपण सिदिबे घराण्याचे. आपल्या वाडवडिलांना माझा नमस्कार. आपण मोठे, मी लहान. नात आपली आहे. आपण सांगाल तसं.”

हसू जागच्या जागी विरलं. चहा ओतणाऱ्याचा हात तसाच वर राहिला. लोहाराने फुलानीपुढे गुडघे टेकलेले त्या वस्तीत कोणी जन्मात पाहिले नव्हते.

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. “ऊठ,” तो म्हणाला. “ऊठ गं. असं नको करू.”

सितान उठली नाही. तिने मानही वर केली नाही.

मग तोच उठला. काठी विसरून धडपडत आत गेला आणि पेंदाला उचलून बाहेर आला. ताको गाढवगाडी जुंपायला धावली, पण तो थांबला नाही. लोहारांच्या गाडीवर फुलानी बसला तर गाय आटते, असं हाच म्हातारा बाजारात सगळ्यांना सांगायचा. आता तो मोपेडवर सितानच्या मागे बसला, पोरीला छातीशी घट्ट धरून.

वाट खड्ड्यांची होती. सितान जमेल तितकी गाडी पळवत होती. तिच्या पाठीला पोरीच्या अंगाची धग लागत होती. मग झटके थांबले, आणि म्हाताऱ्याला ते बरं वाटलं की नाही, तिला कळलं नाही. तिला स्वतःला ते मुळीच बरं लक्षण वाटलं नव्हतं. तिने गाडी आणखी रेटली.

थोड्या वेळाने तिच्या कानाशी म्हाताऱ्याचा आवाज आला.

“शिवी दे मला, पोरी. तुझ्या बापाची आण आहे तुला, एक तरी शिवी दे.”