डावा गुलाबी

रंगाऱ्यानं लेकीच्या खोलीत शेजारी शेजारी दोन पट्टे ओढले आणि म्हणाला, "ताई, आता तुम्हीच सांगा, यातला कुठला."

दोन्ही गुलाबीच. नवऱ्यानं मान वाकडी करून पाहिलं. "यात फरक आहे? मग मला डोळे तपासून घ्यायला हवेत."

पट्टे वाळल्यावर मी हात लावून पाहिला. उजवा भिंतीसारखाच गार होता. डावा मात्र कोमट होता, झोपलेल्या माणसाच्या गालासारखा.

"ऊन लागलं असेल," रंगारी म्हणाला. त्या भिंतीवर ऊन कधी येतच नाही.

लेक वेळेआधी झालेली, कित्येक आठवडे काचेच्या पेटीत राहून घरी आलेली. कितीही गुंडाळलं तरी तिचे तळपाय गारच असायचे.

"डावा," मी म्हटलं.

खोली रंगली. पाळणा त्या भिंतीला लावला आणि पहिल्याच दुपारी तिचे पाय गरम लागले. पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "असं केलंत तरी काय?"

"रंग दिला," मी म्हटलं. त्या हसल्या.

आज लेकीचं वजन छान वाढलेलं निघालं. घरी आल्यावर ती पाळण्यात गाढ झोपली. मला राहवलं नाही. मी भिंतीला गाल टेकवला आणि पुटपुटले, "फार उपकार झाले गं तुझे."

तेव्हा भिंतीच्या आतून, बरोबर माझ्या गालाखाली, कुणीतरी हलकेच लाथ मारली. लेक पोटात असताना मारायची, तशीच.