अहो, मान

गुणाजी आणि शिवराम वर्तकनगरात भिंतीला भिंत लावून राहायचे. दोघांचीही मान पुढे आलेली, म्हणून फिजिओथेरपीच्या मेघना मॅडमनी दोघांना एकच व्यायाम दिला. हनुवटी आत घ्यायची आणि टाळूला दोरा बांधून कुणी वर ओढतंय असं मनात आणायचं.

"व्यायाम सोपा आहे काका, तो दिवसभर लक्षात राहणं कठीण. घरच्यांना आठवण करून द्यायला सांगा."

शिवरामला आठवण करून द्यायला शालनवहिनी होत्या. तो पेपर वाचायला बसला, टीव्हीसमोर बसला, की गुणाजीला भिंतीपलीकडून आवाज यायचाच, "अहो, मान." त्यावर शिवराम खेकसायचा, "अगं, सोड की माझ्या मानेचा पिच्छा." ते ऐकून गुणाजीचा जळफळाट व्हायचा. बायको गेल्यापासून त्याला 'अहो' म्हणणारं कुणी उरलं नव्हतं, आणि या माणसाला ते बसल्या जागी मिळत होतं, तर त्याला नको होतं.

महिन्याने मॅडमनी दोघांना भिंतीला पाठ लावून उभं केलं. शिवरामचं डोकं अजून पुढेच होतं. गुणाजीचं मात्र भिंतीला छान टेकलं.

"वा काका. पण तुम्ही तर एकटे राहता ना? मग आठवण कोण करून देतं?"

गुणाजीने शिवरामकडे एकदा पाहिलं.



"याचीच बायको. हा ऐकत नाही, उगाच वाया जातं, म्हणून मी ऐकतो."