घरची शाळा

नाताळच्या आदल्या दिवशी रूथच्या स्वयंपाकघरात करंज्या चालल्या होत्या आणि त्यातच तिच्या मुलीची, जोआनाची, शाळाही. तीन वाट्या खोबऱ्याला दीड वाटी साखर, तर पाच वाट्यांना किती, हे गणित पोरगी पिठाच्या हातांनी सोडवत होती. रूथचे वडील, देऊळगाव राजातले निवृत्त हेडमास्तर साळवे सर, दारात उभे राहून पाहत होते.

"करंज्यांची डिग्री घेईल ही," ते म्हणाले.

संध्याकाळी फराळाला पाहुणे आले, तेव्हा सरांनी नातीला मधोमध उभं केलं आणि सतराचा पाढा म्हणायला लावला. ती पंच्याऐंशीपाशी अडकली.

सर पाहुण्यांकडे वळून हसले. "ही आमची घरची शाळा. मास्तरीण घरची, विद्यार्थिनीही घरची. नापास करायला कोणी नाहीच."

रूथ मुलीचा हात धरून आत गेली.

पहाटे सर झोपेतच गेले.

दफनविधीला गावोगावचे जुने विद्यार्थी आले. सरांनी तीन पिढ्या घडवल्या, असं जो तो म्हणत होता. माती देऊन झाल्यावर मेहकरच्या काकांनी रूथच्या डोक्यावर हात ठेवला.

"आता तरी पोरीले शाळेत घाल, बाई. दादाची तेवढीच इच्छा होती. एवढ्या मोठ्या मास्तराची तू लेक, अन् तुलेच शाळेचं काऊन वावडं?"

रूथने सुजलेले डोळे पुसले.

"काका, चौथीला मी पप्पांच्याच वर्गात होते."