पेटीची पाठवणी

नवरी नसेल तर ढावलो होत नाही, हे म्हाताऱ्या गंगीनं तिसऱ्यांदा सांगितलं आणि ओढणी पुढे ओढून ती कडुनिंबाखालच्या बाजेवर जाऊन बसली.

देवराव तिच्यासमोर उकिडवे बसले होते. नागपूरच्या रेडिओवर ते लोकगीतांचा कार्यक्रम करीत. या आठवड्याचा कार्यक्रम लग्नाच्या गाण्यांचा होता. हळदीची गाणी मिळाली होती, रुखवताची मिळाली होती. पाठवणीची जागा तेवढी रिकामी होती. बंजाऱ्यांची नवरी निघताना आईच्या, काकूच्या, मैत्रिणींच्या गळ्यात पडते आणि रडणंच सुरात गाते. तो ढावलो. तेवढ्यासाठी देवराव जीप घेऊन आर्णीपुढच्या या तांड्यावर आले होते.

"तुमी आठ दिस उशिरा आले," तांड्याचा नायक रामसिंग म्हणाला. "मागच्या सोमवारीच पोट्टी सासरी गेली. आता यंदा लगन नाही."

"नुसतं म्हणून दाखवलं तरी चालेल."

"काहून?" गंगी उसळली. "उगाच रडाले मले काय झालं बापू? सून चांगली हाय, म्हैस दूध देऊन राह्यली."

भोवती जमलेल्या बाया खो खो हसल्या. देवरावही हसले. म्हातारीचं म्हणणं त्यांना पटलं होतं. स्टुडिओत बसून गायलेली पाठवणी त्यांनी दोनदा ध्वनिमुद्रित केली होती आणि दोन्ही वेळा पुसून टाकली होती. सूर कुठे चुकला नव्हता. कोणी जात नव्हतं, एवढंच.

"साहेब, फीत सहा मिनिटांची उरली आहे," तंत्रज्ञ बबनराव म्हणाले. "हळदीचीच दोन गाणी जास्त लावू. ऐकणाऱ्याला काय कळतं?"

"मला कळतं," देवराव म्हणाले. मग उठून त्यांनी धोतराची धूळ झटकली. "आवरा."

बबनरावांनी टेपरेकॉर्डरचं झाकण लावलं. वाटेत धूळ जाऊ नये म्हणून ते त्याला एका जुन्या लाल लुगड्यात गुंडाळत. तसं गुंडाळून त्यांनी यंत्र दोन्ही हातांनी उचललं, तोच गंगीची सून बसंतीबाई टाळी वाजवून सासूला ओरडून म्हणाली,

"याडी, पाह्य पाह्य! नवरी निघाली!"

"कोन वो?"

"पेटी! दिसभर आपल्या घरी बसली, आता लाल ओढणी घेऊन चालली नागपूरले."

पुन्हा हशा झाला. गंगी मात्र हसली नाही. ती बाजेवरून उठली, बबनरावांच्या भोवती एक चक्कर मारली आणि लुगडं जरासं बाजूला करून आत पाहिलं.

"हिची माय कोन?"

"हिला कसली माय? सरकारी आहे ही," बबनराव म्हणाले.

"बिनमायची हाय वो," गंगीनं बायांना सांगितलं. "मंग तं आपल्यालेच रडा लागन. ठेव बापू तिले खाली."

देवरावांनी एका दमात लुगडं सोडलं, झाकण काढलं, हेडफोन कानाला लावले. फीत फिरू लागली. बबनरावांनी माईक पेटीला टेकवला आणि गावोगाव सांगत तेच सांगितलं, "माईकपासून हातभर लांब बसायचं. हात लावायचा नाही."

"गळ्यात पडल्याबिगर ढावलो कसा होते?" म्हणत गंगीनं माईकसकट पेटीला मिठी मारली.

तिच्या दंडापर्यंतच्या बांगड्या पत्र्यावर खणखणल्या. यंत्रावरचा आवाजाचा काटा उडून लाल रेघेपलीकडे गेला. "साहेब, नुसता खडखडाट येतोय," बबनराव कुजबुजले. "हे कोणी वाजवू देणार नाही."

देवरावांनी त्यांच्याकडे न बघता हात वर केला. त्यांच्या कानात ओढणी घासत होती, बांगड्या वाजत होत्या, म्हातारीचा श्वास चढत होता. आणि त्या सगळ्यातून सूर वर आला. तू कोणत्या गावची बाई, गंगी विचारत होती, आमच्या दारी बसलीस, आमचं सगळं ऐकून घेतलंस, आणि घोटभर पाणीसुद्धा न पिता निघालीस. पाठीमागून बाया येऊन बिलगल्या. पहिल्या दोन ओळी त्या हसत हसतच गायल्या. तिसऱ्या ओळीला बसंतीबाईचा आवाज फाटला. ती केळापूरकडची; अकरा वर्षांमागे या तांड्यावर आली होती. तिचं माहेर त्या ओळीत कसं शिरलं, ते कोणाला समजलं नाही, पण मग हसायचं सगळ्याच विसरल्या.

फीत संपली. तिचं सुटं टोक चकतीबरोबर गरगर फिरत राहिलं. गंगीनं डोळे पुसले. तिचा चेहरा भरपेट जेवल्यासारखा प्रसन्न दिसत होता.

"आमचं झालं. आता हिचं."

"हिचं काय?" देवरावांनी विचारलं.

"नवरीले बी गानं म्हना लागते. आमी इतक्या गळ्यात पडलो अन् ही चूप! अशी कशी पोट्टी?"

देवरावांनी बबनरावांकडे पाहिलं. बबनरावांनी फीत उलटी गुंडाळली आणि कळ दाबली.

पेटी गाऊ लागली. आवाज गंगीचा होता, बांगड्या गंगीच्या होत्या, आणि तिसऱ्या ओळीवर बसंतीबाई होती. बायांनी स्वतःला कधी ऐकलं नव्हतं. रामसिंगनं डोक्यावरचा फेटा काढून हातात घेतला. शेवटपर्यंत कोणी हललं नाही.

मग गंगीनं आपल्या हातानं पेटीवर लाल लुगडं पांघरलं, चारी बाजूंनी नीट खोचलं. बबनरावांनी ती उचलून जीपमध्ये ठेवली, तेव्हा म्हातारी त्यांच्यामागे चाकापर्यंत चालत गेली.

"हळू चालवजो बापू," ती म्हणाली. "पोट्टी लय रडून राह्यली."