हळू आणि जोरात

"थांब जरा," दादा म्हणाला, आणि गाण्याची ओळ अर्धीच राहिली.

तालमीच्या खोलीत दोघंच होती. धाकटी बहीण माईकसमोर, आणि तो स्टुलावर, गिटार मांडीवर घेऊन. त्याने पिक, तार छेडायची ती चिमुकली पट्टी, तारेवर अलगद टेकवलं, जेमतेम ढकललं. स्पीकरमधून सूर आला तो भरदार, कडेला जरासा खरखरीत. मग त्याने दातओठ खाऊन तीच तार छेडली. आवाज तेवढाच. तसूभर कमी नाही की जास्त नाही.

"छोटे, हे ऐक. हळू वाजवलं तरी तेवढंच, जोरात वाजवलं तरी तेवढंच."

"तारा जुन्या झाल्या असतील."

"तारा परवाच बदलल्यात. तूच बदलल्यास."



अर्धांगाच्या झटक्याने त्याचा उजवा हात गेला, त्याला आठ महिने झाले होते. मग हळूहळू चमचा धरता यायला लागला, शर्टाची बटणं लागायला लागली, पण पिकात जोर काही येईना. आणि त्याचं सगळं वाजवणं त्या जोरावरच उभं होतं. आवाज तो असा लावून ठेवायचा, की हलक्या हाताने सूर नितळ यावा आणि हात तापला की तोच सूर गुरगुरावा. मध्ये एकाही बटणाला हात लावायचा नाही. लोक ऐकायला यायचे ते त्यासाठीच.

तीन आठवड्यांपूर्वी ती गुरगुर अचानक परत आली. तेव्हापासून प्रत्येक फटका तो जीव खाऊन मारत होता. हळू वाजवून बघायचं मनातसुद्धा आलं नव्हतं. आज तिने एक संथ ओळ घेतली म्हणून हात आवरला, इतकंच.

त्याने वाकून पायाजवळच्या, गिटारचा आवाज घडवणाऱ्या इफेक्टच्या पेटीचा छोटा पडदा बघितला. त्यावर प्रत्येक इफेक्टचा एकेक चौकोन दिसायचा. त्याची नेहमीची सात नंबरची सेटिंग. तीत सुरुवातीलाच एक चौकोन जास्तीचा होता.

"कॉम्प्रेसर," तो म्हणाला. "हा मी जन्मात कधी लावला नाही."

"मी लावला." तिने माईक बंद केला. "हळू वाजलेलं तो वर उचलतो, जोरातलं दाबून…"

"मला शिकवू नकोस."

"दादा, तू गिटार माळ्यावर टाकायला निघाला होतास. म्हटलं, थोडे दिवस. तोवर हात येईल."

"त्या दिवशी दवाखान्यात मला बाहेर बसवून हाताच्या व्यायामवाल्या बाई तुला काय म्हणाल्या?"

ती माईकची वायर बोटाभोवती गुंडाळत राहिली. "हात आला तेवढा आला, म्हणाल्या. यापुढे नाही."

त्याने स्वतःच्या हाताकडे बघितलं.

"आईला फोन केला ग मी. हात आला म्हणून सांगितलं. रडली ती."

मग त्याने तो चौकोन बंद केला. ताठ बसला, खांदा मागे घेतला आणि तारेवर फटका मारला. एक बारीकसा सूर निघाला आणि पंख्याच्या घरघरीत विरून गेला.

ती वाट बघत राहिली. "हं. आता जोरात वाजव."

"हे जोरातच होतं."

बाहेरच्या जिन्यावरून कुणीतरी हसत खाली गेलं. त्याने पुन्हा वाकून पेटीतला चौकोन चालू केला.

"घे. पहिल्यापासून घे."

"नको ना दादा, आज राहू दे."

"आणि शुक्रवारी कार्यक्रमाला काय करणारेस? लोकांना घरी पाठवणार? घे म्हणतो ना."

तिने माईक चालू केला, डोळे मिटले. गिटार सुरू झाली. भरदार, एकसारखी, कुठे उणी नाही की अधिक नाही. ती कान देऊन ऐकत होती. तो चिडलाय, दमलाय की रडतोय, सुरांवरून काहीच कळत नव्हतं. कळायला डोळे उघडावे लागले असते. तिने ते मिटलेलेच ठेवले, आणि गायला लागली.