सरळ रेष

आदल्या दिवशी कामगार समाधानची दोन बोटं पत्रा दाबायच्या प्रेसखाली गेली होती, म्हणून चाकणच्या कंपनीत मशीन तपासायला निशिगंधाला बोलावलं होतं. प्रेसच्या प्रत्येक वायरीचा सिग्नल तिच्या लॅपटॉपवर रेषेसारखा दिसत होता.

मॅनेजर कुलथे मागून डोकावले. "ही एक रेष हलतच नाहीये. वापरात नसलेला चॅनल असणार. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये फिल्टर असतो ना, उडवून टाका. रिपोर्ट स्वच्छ दिसला पाहिजे."

"सर, ही सेफ्टी सेन्सरची वायर आहे. माणसाचा हात आत गेला की ही रेष खाली यायला हवी आणि प्रेस थांबायला हवी. पत्रा ठेवायला हात दर वेळी आत जातो, तरी ही हलत नाही. तुमच्या लोकांनी सेन्सर बायपास केलाय."

कुलथ्यांचा आवाज चढला. "त्या सेन्सरपायी प्रेस सारखी अडकते. प्रोडक्शन तुम्ही काढून देणार का? आणि 'माझं लक्ष नव्हतं' असं समाधाननं स्वतः लिहून दिलंय."

"कोणत्या हातानं?"

"हे बघा मॅडम, कालचं उकरून काढू नका."

निशिगंधानं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "कालचं कुठे दाखवतेय मी? हे आत्ताचं आहे. आधी ती प्रेस बंद करायला सांगा."

केबिनच्या काचेपलीकडे, समाधानच्या जागेवर उभा केलेला गणराज पत्रा ठेवायला प्रेसमध्ये हात घालत होता. स्क्रीनवरची रेष सरळच होती.